देवघरातली टाकी

॥ येशू मरिया योसेफ प्रसन्न ॥

नामूर, विस्कॉन्सिन
ता. १८ जून १९६२

चि. सौ. लॉर्ना हिस,

अनेक आशीर्वाद. वि. वि.

टेलिफोन न करता पत्र लिहिते आहे, कारण आपल्या तारेवर सात घरं आहेत आणि त्यांतली पाच घरं दुपारभर कानाला भोंगा लावूनच बसलेली असतात. माझ्या भावाच्या घरातलं बोलणं माझ्या भावाच्या घरातच राहावं. काल रविवारी तुमच्याकडे येऊन गेले. नॉर्बर्टची तब्येत चांगली वाटली, पोट तर जरा जास्तच चांगलं वाटलं. तुझी सुक्या आलुबुखारांचं सारण भरून भाजलेली पाई खाल्ली. कडा कच्च्या होत्या, पण माहेरी कुणी शिकवलंच नाही त्याला तू काय करणार? लग्नाला वर्ष-दीड वर्षच झालंय, शिकशील.

पण खरं सांगू? घास घशाखाली उतरला नाही तो पाईमुळे नाही. माझ्या आईनं रोझिएरच्या त्या अंगणात तीस वर्षं जिथं पिओनीची फुलं लावली, नेमकी तिथं तुम्ही गॅसची टाकी आणून बसवलीत! पांढरी, फुगलेली, आखूड पायांवर पसरलेली. एखादी मेलेली डुकरीण रस्त्याकडे तोंड करून ठेवावी तशी. वरून पाखरांनी रेघा ओढल्यात, खाली गंज ओघळलाय, झाकण उचलून पाहिलं तर आत गांधीलमाशांचं पोळं. आणि तो कुजक्या अंड्यांचा वास! नॉर्बर्ट म्हणतो, वास फक्त भरताना येतो. मग मी आले तेव्हा कोण भरत होतं?

लाकडं फोडून त्याची कंबर गेली, घराला ऊब हवी, तुला गॅसची शेगडी हवी, हे मला समजतं. घरामागे खडक आहे, गॅसच्या गाडीची नळी तिथवर पोचत नाही, म्हणून टाकी पुढेच राहणार, तेही समजतं. पण मग झाकायला काय झालं?

लोकांनी झाकण्याच्या नावाखाली काय काय केलंय ते पाहून तर मला शिसारी येते. आमच्या रस्त्यावर एकानं टाकीला हिरवा रंग देऊन काकडी केलीय, वर पुळ्या आल्यासारखे ठिपके. दुसऱ्यानं नाक, कान आणि तारेची शेपटी लावून डुक्कर केलंय आणि त्याची मुलं त्या डुकराला नावानं हाक मारतात. तिसऱ्यानं सभोवार जुनी टायरं पुरून त्यांत पेटुनिया लावल्यात. देवानं दिलेलं फूल कुणी टायरात लावतं का?

तू असलं काही करू नकोस. दलदलीकाठी सीडरची रोपं फुकट मिळतात, ती आणा. टाकीपासून दहा फूट लांब, रस्त्याच्या बाजूनं ओळीत लावा, आणि गाडीवाल्याला नळी ओढायला वाट ठेवा. रंग द्यायचा तर पांढराच. काळ्या-हिरव्या रंगाची टाकी ऊन पिते आणि वरची झडप फुसफुसायला लागते. हे मी मनचं सांगत नाही. गॅसवाल्याचं माहितीपत्रक तुमच्या टेबलावर पडलं होतं, ते मी वाचलं. तुम्ही दोघांनी वाचलेलं दिसलं नाही. त्यावर कॉफीच्या कपाचा गोल वळ होता.

नॉर्बर्टला आशीर्वाद. माझ्या बोलण्याचा राग आलाच तर तो टाकीवर काढ, माझ्यावर लोभ राहू दे.

तुझी नणंद,
एल्डा


रोझिएर
ता. २४ जुलै १९६२

ती. एल्डावन्सं यांस,

लॉर्नाचा शि. सा. न. वि. वि. आपलं पत्र पोचलं. पाईच्या कडा या वेळी जाळल्या आहेत, म्हणजे कच्च्या राहिल्याची तक्रार आपोआप मिटली.

आपण सांगितल्याप्रमाणे सीडर आणले. बारा रोपं. पहिला खड्डा दहा इंच खणला आणि खाली खडक लागला. दुसरा खणला, खडक. तिसऱ्याला ह्यांची पहार वाकली आणि ह्यांनी तुमच्या बेल्जियन वाडवडिलांच्या फ्रेंचमध्ये जे काही म्हटलं त्याचा अर्थ मी विचारला नाही. तरी माती ओढून ओढून रोपं उभी केली. आठ हरणांनी खाल्ली, तीही फक्त शेंडे, म्हणजे खाली नुसत्या काड्या उभ्या. उरलेली चार पिवळी पडून मेली. मेलेल्या काड्यांच्या कुंपणातून टाकी आधीपेक्षा जास्तच दिसायला लागली.

मग मी परसातली फुलायला आलेली सूर्यफुलं मुळासकट आणून लावली. ती छान तगली, पण सगळ्यांची तोंडं उगवतीकडे आणि रस्त्याकडे पाठी. डझनभर बायका रुसून उभ्या असाव्यात तसं दिसायचं. मागच्या वादळात त्या सगळ्या टाकीवर आडव्या झाल्या आणि तिथंच कुजल्या. ती चिकट, काळी देठं मी हातानं उपसली. वन्सं, तुम्हाला टाकी नुसती बघावी लागते. मला तिच्याखालून मेलेला उंदीरसुद्धा काढावा लागलाय. आणि रस्त्यानं जाणारा प्रत्येक कुत्रा तिच्या चारी पायांची विचारपूस केल्याशिवाय पुढं जात नाही.

हे म्हणाले, आपणही डुक्कर रंगवू या. मी म्हटलं, घरात एक आहे तेवढं पुरे.

तेव्हापासून ह्यांनी मनावर घेतलंय. फळ्या आणल्यात, पत्रा आणलाय, चुना कालवलाय, आणि मला जवळ फिरकू देत नाहीत. मी एवढंच म्हटलं होतं की इथं प्रत्येकाच्या अंगणात रस्त्याकडेला जशी छोटी पांढरी खोली असते तशी आपलीही एक असली म्हणजे झालं. त्यावर हे इतके हसले की शिडीवरून उतरून बसावं लागलं. का हसले ते सांगत नाहीत.

सप्टेंबरात सुगीच्या सणाला, केर्मिसला, याल तेव्हा बघालच. येताना तुमच्या हातची पाई आणा. माझी असेलच, पण लोकांना खायला काहीतरी हवं ना.

मोठ्या मनानं माझ्या चुका पोटात घालाव्या आणि पोटात जागा ठेवून यावं.

आपली,
लॉर्ना


॥ येशू मरिया योसेफ प्रसन्न ॥

नामूर
ता. २५ सप्टेंबर १९६२

चि. सौ. लॉर्ना हिस,

आशीर्वाद देते, कारण रीत आहे.

रविवारी केर्मिसच्या दिवशी मी न जेवता निघून आले, त्याचं कारण डोकेदुखी नव्हतं. चुलीवर बूयाच्या रश्श्याची कढई उकळत होती, अंगणात माणसं नाचत होती, आणि मी डोक्याला हात लावून फाटकाबाहेर पडले. का ते आता ऐक.

मी सगळ्यांच्या आधी पोचले, हे तुला ठाऊक नाही. फाटकाशी आले आणि पाहते तो काय? आईच्या पिओनीच्या जागी पांढरंशुभ्र देवघर! पत्र्याचं छप्पर, वर क्रूस, रस्त्याकडे दार. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. ज्या नॉर्बर्टला चर्चमध्ये मिस्सेला जायला कानाला धरून उठवावं लागायचं, त्यानं आईच्या नावानं देवघर बांधलं आणि मला चकित करायला गप्प राहिला, असं माझ्या भोळ्या मनाला वाटलं. आत फळी होती, फळीमागे जाळीचा पडदा होता, फळीवर कुणीतरी प्लॅस्टिकची मेरीमाता ठेवून मेणबत्ती लावलेली. मी चांगल्या कपड्यांत, नव्या मोज्यांनिशी, मातीवर गुडघे टेकले. तीन वेळा नमो मरिया म्हटलं. आईसाठी म्हटलं, नॉर्बर्टसाठी म्हटलं, आणि तिसरं, तुला आता काय सांगू, तुझ्यासाठी म्हटलं, की तुला मूल होऊ दे.

आणि मग मला तो कुजक्या अंड्यांचा वास आला. पडदा बाजूला केला. समोर टाकीचं ते फुगलेलं, गंजके ओघळ आलेलं ढेरपोट!

लॉर्ना, मी गॅसच्या टाकीपुढे गुडघे टेकले. घरी येऊन मी साबणानं तोंड धुतलं. अजून तो वास नाकातून जात नाही. मी उठत होते तेव्हा मोटारीतून दोन म्हाताऱ्या उतरल्या, त्यांनीही क्रुसाची खूण केली, आणि मी वाट सोडून बाजूला झाले. काय सांगणार होते त्यांना? की माझ्या भावानं देवाची थट्टा मांडलीय, आत या?

आमच्या अंगणातलं देवघर ह्यांच्या आजोबांनी एकाहत्तर सालच्या मोठ्या आगीतून वाचल्याचा नवस फेडायला बांधलं. त्याचं पावित्र्य मी कसं राखते ते येऊन बघ. कुलूप असतं. किल्ली माझ्या स्वयंपाकघरात असते. ज्याला प्रार्थना करायची त्यानं माझ्याकडे यावं, कशासाठी ते सांगावं. मी वहीत तारीख, नाव आणि कारण लिहिते, मग किल्ली देते. मॅट्रिकपर्यंत शिकले आहे, वही नीट ठेवता येते. अकरा वर्षांत एक ओळ चुकलेली नाही. म्हणून तिथं कुणी उगाच घुसत नाही आणि फरशीवर मेण सांडत नाही.

तो क्रूस आधी उतरवा. मग भिंती. ती डुकरीण उघडी पडली तरी चालेल, उघडी डुकरीण निदान खरं बोलते.

एवढं लिहूनही आपला संबंध तुटू नये, अशी इच्छा आहे.

एल्डा


रोझिएर
ता. २ ऑक्टोबर १९६२

ती. वन्सं यांस,

सा. न. वि. वि. आपलं पत्र तीनदा वाचलं. पहिल्यांदा राग आला, दुसऱ्यांदा लाज वाटली. तिसऱ्यांदा, आपण माझ्यासाठी जे मागितलंत त्या ओळीपाशी थांबले. त्याबद्दल तोंडानं कधी बोलता येणार नाही म्हणून इथंच लिहिते, की मी आभारी आहे.

आता माझं ऐका. मी इलिनॉयची, लुथरन पंथाची. आमच्याकडे माणसं देवाला भेटायला गावातल्या चर्चमध्ये जातात. लग्न होऊन इथं आले आणि पाहिलं तर रस्त्याकडेला घरटी एक पांढरी खोली, दार बंद. मला शपथेवर वाटलं की इथले लोक आपल्या टाक्या अशाच झाकतात. किती टापटिपीची माणसं, असं मी माहेरी कळवलंसुद्धा! ती देवघरं असतात, हे आपल्या पत्रानं कळलं. मी तशी खोली मागितली आणि ह्यांनी बांधली. क्रूस ह्यांची करामत. पडदा माझा, टाकीचं तोंड दिसू नये म्हणून. पाप वाटून घ्यायचं तर असं वाटा.

आपलं पत्र आलं त्याच संध्याकाळी क्रूस उतरवला. पण वन्सं, लोक यायचे थांबत नाहीत. आता सवय लागली. रोज सकाळी मी आत काय काय बघते! फळीवर मेणाचे ढीग, त्यात चिकटून मेलेल्या माश्या. प्लॅस्टिकची फुलं, धुळीनं राखाडी झालेली. केसांची एक बट, दोऱ्यानं बांधलेली. आणि परवा एक बँडेज, वापरलेलं, पिवळ्या डागासकट, नीट घडी करून मेरीमातेच्या पायाशी. ते मी चिमट्यानं उचललं आणि तासभर जेवू शकले नाही.

पण खरी गोष्ट वेगळीच आहे. गेल्या बुधवारी गॅसची गाडी आली. वॉल्टरनं, म्हणजे गाडीवाल्यानं, दार उघडलं. टाकीच्या झाकणापासून हातभरावर मेणबत्ती जळत होती. तो असा मागं उडाला की डोक्यावरची टोपी चिखलात पडली. मेणबत्ती विझवून त्यानं ह्यांना अंगणात उभं केलं आणि शाळेतल्या पोरासारखं झापलं. म्हणाला, नॉर्बर्ट, हा गॅस हवेपेक्षा जड असतो. उघड्यावर गळला तर वाऱ्यानं जातो. तू चार भिंती बांधल्यास, म्हणजे गळला तर डबक्यासारखा जमिनीलगत साचणार. मग एक ज्योत पुरे. तुझं घर शोधायला लोक पलीकडच्या गावात जातील. भिंती उतरेपर्यंत मी थेंबभर देणार नाही, असं म्हणून तो निघून गेला. टाकीचा काटा वीस टक्क्यांवर आहे आणि गुरुवारी पाण्यावर बर्फाची साय धरली होती.

शनिवारी हे हातोडी घेऊन गेले. एक फळी काढली. मागं बघतात तर फाटकाशी एक बाई उभी, डोक्याला रुमाल, हातात मेणबत्ती. ह्यांची हातोडी थांबायची वाट बघत होती. ह्यांनी फळी परत जागेवर ठोकली आणि गोठ्यात निघून गेले.

ती रोज येते. धारा उरकल्या की येते, दहा मिनिटं बसते, जाते. तिची पाठ वळली की मी धावत जाऊन मेणबत्ती विझवते. पण काल मी कोंबड्यांकडे होते आणि ज्योत अर्धा तास तशीच राहिली. तुम्हीच सांगा, काय करू? तिला तिथं बसलेलं बघितलं की मी फाटकातूनच परत कोंबड्यांकडे वळते.

आपला लोभ सध्या काठावर आहे हे ठाऊक आहे. सांडू देऊ नये.

आपली,
लॉर्ना


॥ येशू मरिया योसेफ प्रसन्न ॥

नामूर
ता. ५ ऑक्टोबर १९६२

चि. सौ. लॉर्ना हिस,

आशीर्वाद. हे पत्र हातात पडेल त्या क्षणी भिंती पाडा. जेवण चुलीवर असेल तर चूल विझवा आणि पाडा.

काय बाई तुम्ही माणसं! ह्यांची आजी मोठ्या आगीत विहिरीच्या पाण्यात उभी राहून जगली. त्या एका आगीतून हा सगळा मुलूख उठला, आणि तुम्ही अंगणात गॅस आणि ज्योत शेजारी शेजारी मांडून, बाई रुसेल म्हणून गप्प बसता? मला काल जेवताना ती मेणबत्ती डोळ्यांपुढे आली आणि हातातला चमचा खाली ठेवला. किळस आली ती निराळीच. वापरलेलं बँडेज! मेरीमातेच्या पायाशी! लोक देवासमोर जी वस्तू ठेवतात ती शेजारणीच्या दारात ठेवायची त्यांची छाती होईल का?

त्या बाईला स्पष्ट सांग की ही गॅसची टाकी आहे. तिला लाज वाटेल. वाटू दे. मलाही वाटली, मी मेले नाही. आणि तिला सांग की खरं देवघर सहा मैलांवर माझ्या अंगणात आहे, तिनं माझ्याकडे यावं. तू तिचं नाव मला कळव. तिला काय हवंय ते माहीत असेल तर तेही कळव, म्हणजे मी वहीत आधीच लिहून ठेवते आणि तिचा वेळ जायचा नाही.

नॉर्बर्टला म्हणावं, तुझी मोठी बहीण अजून जिवंत आहे.

जीव सांभाळा, मग लोभ सांभाळा.

एल्डा


रोझिएर
ता. १२ ऑक्टोबर १९६२

ती. वन्सं यांस,

सा. न. वि. वि. भिंती उतरल्या. आता जे लिहिते ते वाचून आपण हे पत्र चुलीत घालाल, पण शेवटपर्यंत वाचून मग घाला.

मंगळवारी सकाळी ती आली तेव्हा मी फाटकातच उभी होते. आपण सांगितलं तसं एका दमात सांगून टाकलं, की बाई, माफ करा, हे देवघर नाही, आत गॅसची टाकी आहे. वाटलं, ती रडेल, नाहीतर मला थोबाडीत देईल. ती म्हणाली, अगं, मला काय डोळे नाहीत का? वसंतात गाडीवाला नळी लावून भरत होता तेव्हा मी याच रस्त्यानं जात होते. पहिल्या दिवसापासून ठाऊक आहे.

मी विचारलं, मग इथं का येता? नामूरला एल्डावन्संचं खरं देवघर आहे, त्या म्हणाल्यात, तिथं पाठव. त्यावर ती नाकानं हसली. म्हणाली, एल्डाच्या स्वयंपाकघरात उभं राहून ‘कशासाठी’ याचं उत्तर द्यायचं आणि ते तिच्या वहीत लिहून घ्यायचं? त्यापेक्षा ही बरी. टाकी काही विचारत नाही.

वन्सं, मी तुमची बाजू घेतली. म्हटलं, त्या कुणाचं काही बाहेर बोलणाऱ्यातल्या नाहीत. ती म्हणाली, बोलत नसेल. पण वही टेबलावर साखरेच्या भांड्याखाली असते, आणि एल्डा किल्ली आणायला आत वळली की आलेली बाई मागची पानं चाळते. मी स्वतः चाळली आहेत, म्हणाली. कुणाचा नवरा पितो, कुणाच्या छातीत गाठ आहे, कुणाचा मुलगा सैन्यातून पळाला, सगळं सुबक अक्षरात. आणि आमच्यातल्या अर्ध्या बायका गेली कित्येक वर्षं एल्डाकडे किल्ली मागताना खोटंच कारण सांगतात. देवाच्या दारात जायला आधी खोटं बोलायचं, मग आत जाऊन त्याचीच माफी मागायची.

हे ऐकून मला तुमची किळस आली. लिहू नये, पण आली. तुम्हाला माझ्या टाकीची ओकारी आली. त्या बँडेजचीही मला आली होती. पण ते बँडेज कुणीतरी आपल्या हातानं ठेवलं होतं. तुमच्या वहीत लोकांच्या जखमा तुम्ही उघड्या करून ठेवल्यात आणि वर नाव-तारीख घातलीत.

ती माझ्यापाशी बोलली. आपणहून, मी विचारलं नव्हतं. तिचं कारण मला ठाऊक आहे. ते मी तुम्हाला सांगणार नाही, नावही नाही. कारण वाईट नाही, फक्त तिचं आहे.

मग तिनंच ह्यांच्या हातातून हातोडी घेतली. आम्ही तिघांनी मिळून भिंती उतरवल्या. खिळे सरळ करून तिनं डब्यात भरले. वॉल्टर परवा येऊन टाकी भरून गेला, काटा ऐंशीवर आहे, घर उबदार आहे. टाकी पुन्हा उघडी, पाखरांच्या रेघांसकट. आणि ती बाई काल आली नाही, आजही नाही. ज्याच्यासाठी ती बसायची ते अजून पार पडलेलं नाही, सगळ्या संतांच्या सणापर्यंत, म्हणजे नोव्हेंबर लागेपर्यंत तरी नाही. तिला बसायला आता जागा उरलेली नाही. एवढं एकच माझ्या जिवाला लागून राहिलंय.

लहान तोंडी मोठा घास घेतला. आपण माझ्याशी बोलणं टाकलंत तरी मी दर महिन्याला पत्र लिहीन.

आपली,
लॉर्ना


॥ येशू मरिया योसेफ प्रसन्न ॥

नामूर
ता. २० ऑक्टोबर १९६२

चि. सौ. लॉर्ना हिस,

अनेक आशीर्वाद. वि. वि. उत्तराला आठ दिवस लागले. पहिले तीन दिवस तुझ्याशी या जन्मात बोलायचं नाही असं ठरवण्यात गेले.

चौथ्या दिवशी वही उघडली आणि पहिल्या पानापासून वाचायला घेतली. अकरा वर्षं. दुपारचं जेवण राहिलं. ह्यांनी विचारलं, काय वाचतेस? मी पान हातानं झाकलं, आणि आपण काय झाकतो आहोत ते त्या क्षणी मला कळलं. लॉर्ना, तुझ्या पत्रातलं एकही वाक्य मी खोडू शकले नाही. कुणाची गाठ, कुणाचं रक्त, कुणाचा मार. जून महिन्यात एकीनं ‘पाऊस पडावा म्हणून’ असं लिहवून घेतलंय, आणि मला आठवतं, त्या आठवड्यात पाऊस थांबत नव्हता. मी तेव्हा तो तिचा वेडेपणा समजले होते. आणि त्या शेकडो ओळींत माझं स्वतःचं नाव एकदाही नाही. मी रोज आत जाते. मला कुणी कधी विचारलंच नाही, कशासाठी. टाकीपुढे गुडघे टेकल्याची एवढी शिसारी मला आली नव्हती.

लिहिलेली पानं चुलीत घातली. कोरी फाडून ठेवली, कागद वाया का घालवायचा? हे पत्र त्यावरच आहे. कुलूप काढलं आणि कोंबड्यांच्या खुराड्याला लावलं, तिथं मुंगसासारखं एक जनावर येतं.

आता टाकीचं. भिंती पुन्हा नकोत, रोपं खडकात जगणार नाहीत. नॉर्बर्टला म्हणावं, त्याच फळ्यांची उघडी जाळी कर, एका फळीत आणि दुसरीत हाताच्या तळव्याएवढी फट ठेव. फक्त रस्त्याच्या बाजूला, दहा फूट सोडून. एका टोकाला नळीची वाट. जाळीच्या पायथ्याशी दगड रचून माती भरा, गुडघाभर उंच, आणि त्यात लायलॅकची झुडपं. माझ्या लायलॅकचे फुटवे ओल्या पोत्यात बांधून शनिवारी आणते. हरणं त्याला तोंड लावत नाहीत. फुलायला तीन वर्षं लागतील. तोवर डुकरीण अर्धवट दिसेल. दिसू दे. चार दिवस बघून मीही बघायला शिकेन.

देवघर उघडं ठेवून आज पाचवा दिवस. पहिले दोन दिवस कुणी आलं नाही. तिसऱ्या दिवशी एक आली, काल दोघी. मी स्वयंपाकघराच्या खिडकीचा पडदा ओढून घेतला, मग जरासा सरकवला, मग माझीच मला लाज वाटली आणि पिठात हात घातले, म्हणजे हात तरी अडकून राहतील. फरशीवर मेण सांडलंय. खरवडून काढताना तोंडानं जे पुटपुटले ते जपमाळेतलं नव्हतं. तुझी बाई त्यांतली कोणती, ते मला ठाऊक नाही. रुमाल तिघींच्याही डोक्याला होता.

आज सकाळी आणखी एक आली. कुलूप काढल्याचं तिला माहीत नव्हतं, सवयीनं माझ्या दारात येऊन उभी राहिली आणि किल्ली मागितली. मी म्हटलं, उघडंच आहे. ती जागची हलेना. मी पुढं काय विचारते त्याची वाट बघत होती, आणि तिचे ओठ पाठांतर म्हटल्यासारखे हलत होते, म्हणजे काहीतरी खोटं कारण तयार करून आणलं असणार. माझ्या जिभेच्या शेंड्यावर तो शब्द आला होता, लॉर्ना. अकरा वर्षांची सवय.

मी म्हटलं, आताच पुसलंय, बाई, चिखलाचे बूट बाहेर काढून जा.

ती गेली. बूट बाहेर होते, डाव्याचा तळ उसवलेला. नेहमीच्या दहा मिनिटांऐवजी तासभर तिथंच होते.

जसा आहे तसा लोभ असू दे. जास्त मागायला सध्या तोंड नाही.

तुझी नणंद,
एल्डा